कोचीत दोघांनी तीन रात्री: आधी वार बदला, मग बाकीचं ठरवू

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून जानेवारीच्या शेवटी तुम्ही दोघंच नाशिकहून कोचीला जाताय, गुरुवारी संध्याकाळी पोचायचं आणि रविवारी परत, मिस्टरांना इतिहासाचं वेड पण गुडघा दुखतो आणि गळ्यात माळ आहे, तुम्हाला मासे चालतात, आणि एजंट म्हणतोय कोचीत बघण्यासारखं काय आहे, एक रात्र पुरे, मुन्नार आणि हाउसबोट जोडून देतो. तर तीन रात्री नुसत्या कोचीत काढाव्यात का.

काढाव्यात. मी गेली सोळा वर्षं आपल्याकडच्या मंडळींच्या केरळच्या ट्रिपा आखून देतेय, आणि कोचीला विमानतळासारखं वापरून पुढे पळणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. मुन्नार कोचीपासून साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटर, घाटाचा रस्ता, चार-साडेचार तास धरून चाला, म्हणजे तीन रात्रींतले दोन दिवस गाडीत आणि गुडघा वाकवून बसलेले मिस्टर. मुन्नार सुंदर आहे पण ती वेगळी ट्रिप, तिला वेगळे चार दिवस द्या.

पण तुमचे वार चुकलेत. मट्टनचेरी पॅलेस शुक्रवारी बंद असतो आणि ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनामंदिर, शनिवारी बंद, त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तापासून लागतो त्यामुळे शुक्रवारचाही भरवसा धरायचा नाही. म्हणजे तुमच्याकडे जे दोन पूर्ण दिवस आहेत त्याच दोन दिवसांत कोचीतल्या दोन सगळ्यात महत्त्वाच्या जागांपैकी रोज एकीला कुलूप. हे मला कसं माहीत, तर सुरुवातीच्या वर्षांत मीच एका जोडप्याला असं शुक्रवार-शनिवार पाठवलं होतं, रिटायर्ड शिक्षक होते ते, वर्षभर वाचून गेलेले, आणि दोन्ही दारांवरून परत आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण तेव्हापासून मी तिकिटाच्या आधी वार बघते. तुम्ही रविवारी दुपारी पोचा आणि बुधवारी निघा. सोमवारी इंडो-पोर्तुगीज म्युझियम बंद असतं, ते मंगळवारी करता येईल. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते तेव्हा आत फिरायला मिळत नाही, पण तुम्ही दुपारीच पोचताय, प्रश्न नाही. शिवाय मधल्या वारी भाडीही थोडी उतरलेली असतात.

नाशिकरोडवरून मंगला एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला जाते, कोकण रेल्वेने, आणि तो प्रवास मला स्वतःला फार आवडतो, पण एका बाजूला एक दिवसाहून जास्त जातो, तुमच्या सुट्टीत बसणार नाही. मुंबईहून विमान, दोन तास. विमानतळ नेडुंबास्सेरीला आहे, पूर्ण सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ म्हणून २०१५ साली त्याचं नाव झालं, उतरताना खिडकीतून पॅनेलचं शेतच दिसतं. तिथून फोर्ट कोची चाळीस किलोमीटरच्या वर आणि ट्रॅफिक धरून दीड तास, कधी दोन. प्रीपेड टॅक्सी करा, पहिल्याच दिवशी बस शोधत बसू नका.

आता राहायचं कुठे, ह्यावर मी जरा अडून बसते. बुकिंगच्या वेळी 'कोची' टाकलं की निम्मी हॉटेलं एर्नाकुलमची येतात. एर्नाकुलम म्हणजे मुख्य भूमीवरचं आजचं शहर, मॉल, मेट्रो, रहदारी. मध्ये खाडी, मध्ये विलिंग्डन बेट, जे बंदरासाठी काढलेल्या गाळातूनच तयार केलेलं आहे, आणि पलीकडे फोर्ट कोची आणि मट्टनचेरी. जुनं सगळं ह्या पलीकडच्या बाजूला. एर्नाकुलममध्ये राहून 'डे ट्रिप' केली तर दुपारी बाराच्या उन्हात, बसगाड्या भरून आलेल्या गर्दीत फोर्ट कोची दिसतं आणि लोक म्हणतात की अहो काहीच नव्हतं. सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी पाचनंतर ते गाव बघायचं असतं, आणि त्यासाठी रात्री तिथेच असायला हवं. परेड ग्राउंडच्या आसपास, प्रिन्सेस स्ट्रीट, बर्गर स्ट्रीट ह्या भागात जुन्या घरांमध्ये होमस्टे आहेत, माझ्या माणसांना साधी स्वच्छ एसी खोली अडीच-तीन हजारांपासून मिळत आलीय. फक्त फोन करून दोन गोष्टी स्पष्ट विचारा. खोली तळमजल्यावर आहे का, कारण जुन्या घरांचे लाकडी जिने उभे आणि अरुंद असतात, गुडघेवाल्या माणसाला दिवसातून चार वेळा ते जमत नाही. आणि खिडक्यांना जाळी आहे का. डास भरपूर आहेत, हे कुठल्याही ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते, ओडोमॉस बॅगेत वरच ठेवा.

अजून एक गैरसमज आधीच काढते, विशेषतः मिस्टरांसाठी. 'फोर्ट' कोचीत फोर्ट नाही. आपली माणसं गडकिल्ल्यांवर वाढलेली, वसई बघितलेली, नाव ऐकून तटबंदी शोधतात. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये इथे किल्ला बांधला, युरोपियनांचा भारतातला तो पहिला, १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली आणि किल्ला आवरून लहान केला, १७९५ मध्ये इंग्रज आले आणि काही वर्षांत त्यांनी उरलेला बहुतेक पाडून टाकला. किनाऱ्यावर थोडे अवशेष आहेत आणि एका जुन्या बुरुजावर उभा असलेला बॅस्टियन बंगला आहे, बस. पण किल्ल्याच्या आतलं गाव मात्र शाबूत राहिलं, रस्ते, घरं, चर्च, गोदामं, मोठाले पर्जन्यवृक्ष. वसईला उलटं झालं, तट राहिला आणि आतलं गाव गेलं. ही दोन्ही ठिकाणं बघितलेल्या माणसाला कोची जास्त कळते असं माझं मत आहे.

रविवारी दुपारी पोचल्यावर जेवा, झोपा, आणि पाचला समुद्राकडे निघा. किनारा लहान आहे, पोहायचा नाही, पावसाळ्यानंतर खाडीतून जलपर्णी वाहून येऊन साचते आणि कचराही असतो, तेव्हा गोव्याची अपेक्षा ठेवू नका. बघायची ती चिनी जाळी. खांबांवर तोललेली केवढीतरी मोठी, दहा मीटर उंच, एका बाजूला जाळं आणि दुसऱ्या बाजूला दोरांना बांधलेले दगड, चार-सहा माणसं मिळून एक जाळं चालवतात, एक जण मुख्य लाकडावरून चालत जातो आणि त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं, थोड्या वेळाने दोर ओढले की दगड एकामागून एक खाली येतात आणि जाळं वर. कुणी म्हणतं चीनच्या व्यापाऱ्यांनी आणली, कुणी म्हणतं पोर्तुगीजांनी मकाऊहून. ते लोक तुम्हाला दोर ओढायला बोलावतील आणि नंतर पैसे मागतील. द्या शंभर रुपये, आनंदाने द्या, कारण आता जाळ्यात मासा फार येत नाही आणि लाकूड बदलायचा खर्च मोठा आहे, मी पहिल्यांदा गेले तेव्हापेक्षा चालू जाळी कमी झालेली मला डोळ्यांना दिसतात. शेजारी ताजी मासळी मांडलेली असते, ती घेऊन बाजूच्या हॉटेलात शिजवून मिळते, पण किलोचा भाव आणि शिजवण्याचे पैसे दोन्ही आधी ठरवून घ्या, नाहीतर बिलावरून पहिल्याच संध्याकाळी तोंड कडू होतं.

सोमवार सकाळ फोर्ट कोचीची, उन्हं चढायच्या आत. सेंट फ्रान्सिस चर्च आधी लाकडी होतं, मग १५१६ मध्ये पक्कं झालं. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरमध्ये, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला, चौदा-पंधरा वर्षांनी त्याचे अवशेष लिस्बनला नेले, पण जागेवरचा दगड आहे, भोवती कठडा. आणि वर बघायला सांगा मिस्टरांना, कापडी पंख्यांची ओळ आहे, बाहेर बसलेला माणूस दोरी ओढायचा आणि आत साहेबांना वारा. एकाच इमारतीत कॅथलिक, मग डच प्रोटेस्टंट, मग अँग्लिकन आणि आता चर्च ऑफ साउथ इंडिया, कोचीचा सगळा इतिहास त्या चार भिंतींत आहे. तिथून सांताक्रूझ बॅसिलिका जवळच, जुनं कॅथेड्रल इंग्रजांनी पाडलं, आत्ताची इमारत १९०५ ची, आतून रंगीत आणि छान गार. डच दफनभूमी १७२४ ची, बहुतेकदा गेटबाहेरूनच बघावी लागते, पाच मिनिटं पुरेत. एवढं करून साडेदहाला परत. ही दुपारची विश्रांती मी सगळ्यांना सक्तीची करते, जानेवारीतही दमटपणा असतो, आणि मी बघितलंय की जोडप्यांची भांडणं दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, उपाशीपोटी, रिक्षा मिळत नसताना होतात. भांडणाचं कारण काहीही असो, मूळ तेच असतं.

संध्याकाळी कथकली. फोर्ट कोचीत रोज प्रयोग होतात, तिकीट काही शे रुपये. तुम्ही प्रयोगाच्या वेळेला जाऊ नका, तासभर आधी जा, रंगपटाला. तांदळाच्या पिठीची आणि कागदाची पांढरी कड चेहऱ्याला लावतात, नट निवांत आडवा पडलेला असतो आणि दुसरा माणूस ते काम करत असतो, डोळ्यात एक छोटं बी घालतात त्याने डोळे लाल होतात. दशावतार ज्यांनी बघितलाय त्यांना हे रंग लावणं फार जवळचं वाटेल. नंतरचा प्रयोग पर्यटकांसाठी छोटा केलेला असतो, तरी मुद्रा समजावून सांगतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला तो बरा.

मंगळवार मट्टनचेरीचा, आणि ह्या दिवसासाठीच खरं तर कोचीला जायचं. रिक्षाने जा, दोन-तीन किलोमीटर. एक सांभाळा, रिक्षावाला म्हणेल शंभर रुपयात अख्खं गाव दाखवतो, आणि मग दोन-तीन मोठ्या शोरूममध्ये नेऊन उभं करेल कारण तिथे त्याला पेट्रोलचं कूपन नाहीतर कमिशन मिळतं. भांडू नका, आधीच सांगा की दुकानं नकोत, भाडं नीट घे. बरेच जण ऐकतात.

पॅलेसला आधी जा, उघडल्या उघडल्या. नाव डच पॅलेस पण बांधला पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकाच्या मध्यावर, कोचीच्या राजाला भेट म्हणून, डचांनी नंतर दुरुस्त केला म्हणून ते नाव. बाहेरून साधी इमारत आहे आणि जिना चढावा लागतो, एकदाच, हळू चढा. आत राजाच्या शेजघरात भिंतभर रामायण. दशरथाच्या यज्ञापासून सुरू होतं, आणि एकही इंच रिकामी जागा नाही, पिवळा, लाल, हिरवा, मोठाले डोळे, माणसं एकमेकांत गुंतलेली. खाली स्त्रियांच्या दालनात गोवर्धन उचललेला कृष्ण आहे, ते दालन बरेच जण चुकवतात. फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे निवांत बसून बघता येतं, मिस्टरांना घाई करू नका. तिकीट अगदी नाममात्र.

तिथून चालत पाच मिनिटांवर ज्यू टाउन. सिनेगॉगचं नाव परदेसी, म्हणजे आपलं 'परदेशी'च, बाहेरून आलेल्यांचं. १५६८ चं. जमिनीवर चीनहून आणलेल्या हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, चपला बाहेर काढून त्यावरून अनवाणी चालायचं. एका राजाने जोसेफ रब्बान नावाच्या ज्यू पुढाऱ्याला हजारेक वर्षांपूर्वी हक्क दिले त्याचे ताम्रपट ह्या सिनेगॉगने जपलेत. बाहेर १७६० चा घड्याळाचा मनोरा. दुपारी मध्ये काही वेळ बंद करतात म्हणून बारा वाजायच्या आत पोचा, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. आणि इथे एक धागा आपल्याकडे येतो. अलिबाग-रेवदंड्याकडचे शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायल, आपले मराठी बोलणारे ज्यू, त्यांना धर्माचे नियम पुन्हा शिकवणारा डेव्हिड रहाबी आणि नंतरचे बरेच शिक्षक हे कोचीचे होते असं ते स्वतः सांगतात. १९४८ नंतर कोचीचे बहुतेक ज्यू इस्रायलला गेले आणि आता त्या गल्लीत घरांपेक्षा दुकानंच जास्त आहेत. मला तिथे दर वेळी जरा गलबलतं, खोटं कशाला सांगू.

मसाला घ्यायचा असेल तर त्या गल्लीच्या पहिल्या चार चकचकीत दुकानांत नको, बाजार रोडकडे चालत या, जुन्या गोदामांची बाजू, सुंठीचा आणि मिऱ्याचा वास रस्त्यावर येतो. वेलदोडा दाण्याच्या आकारावर विकतात, जेवढा टपोरा तेवढा महाग, फार गडद एकसारखा हिरवा दिसला तर घेऊ नका, रंग असू शकतो. मिरी बोटात दाबून बघा, पोकळ असेल तर चुरा होतो. सव्वाशे-दीडशे ग्रॅम घ्या दोन्ही, किलोभर घेऊन घरी वास उडवत ठेवण्यात अर्थ नाही.

दुपारी जेवायला मट्टनचेरीतच थांबा, आणि आता मिस्टरांच्या जेवणाचं. फोर्ट कोचीत मासे सगळीकडे आणि 'मील्स' मागितलं की फिश करी ओतायला येतात, तेव्हा 'मीन वेंडा' एवढं शिकून ठेवा, मासे नकोत. पण मट्टनचेरीत गुजराती रोड आहे, पिढ्यान् पिढ्या राहिलेले गुजराती, जैन, तिथे आणि चेर्लाई भागात शाकाहारी जेवण व्यवस्थित मिळतं. सकाळी आप्पम आणि नारळाच्या दुधातलं व्हेज स्टू, किंवा पुट्टू, म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला प्रकार, आणि काळे चणे. खोबरेल तेलाचा वास पहिल्या दिवशी जाणवतो, दुसऱ्या दिवशी जात नाही पण आवडायला लागतो. गुलाबी कोमट पाणी देतात ते औषधी लाकूड टाकून उकळलेलं असतं, खुशाल प्या. तुम्ही मात्र करीमीन पोळ्ळिच्चदु खाल्ल्याशिवाय येऊ नका, केळीच्या पानात मसाला लावून भाजलेला खाडीतला मासा, आणि मीन मोयली, नारळाच्या दुधातली, आपल्या सोलकढी-तिरफळाच्या जिभेला एकदम पटते.

चेर्लाईचं नाव निघालंच तर जेवणानंतर, विश्रांती घेऊन, तिथल्या तिरुमला देवस्वम् देवळात जा. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याहून निघालेले गौड सारस्वत इथे येऊन राहिले, त्यांचं हे वेंकटेशाचं देऊळ. रस्त्यावर कोंकणी कानावर पडते, मल्याळमचा सूर लागलेली पण शब्द ओळखीचे, आणि परमुलखात असं काही ऐकलं की माणूस थबकतोच. पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं, मिस्टरांना लुंगी किंवा धोतर बरोबर घ्यायला सांगा. आणि त्यांना हे नक्की सांगा, डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे ह्याने मलबारच्या वनस्पतींवर १२ खंडांचा ग्रंथ काढला, 'हॉर्टस मलबारिकस', १६७८ पासून ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते, आणि त्या तिघांनी १६७५ मध्ये लिहून दिलेलं प्रमाणपत्र नागरी अक्षरांत जसंच्या तसं त्या ग्रंथात छापलेलं आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये आपली अक्षरं छापली गेली ती कोचीमुळे. हे मी पहिल्यांदा कळल्यावर त्या गल्लीत उगाच दोनदा फिरून आले होते.

मंगळवारी देवळातून परत आल्यावर पाण्यावर जा. हाउसबोट सोडा, ती रात्रभर एका जागी बांधलेली असते आणि दोघांसाठी फार महाग पडते. फोर्ट कोचीवरून वॉटर मेट्रो, म्हणजे शहराची नवी बोटसेवा, एर्नाकुलमच्या हायकोर्ट जेट्टीला जाते, ४० रुपये, एसी, चढउतार सपाट त्यामुळे गुडघ्याला सोपी, सूर्यास्ताच्या आधी निघा. येताना मात्र सरकारी जुनी बोट पकडा, उघड्या खिडक्यांची, ऑफिसातून घरी जाणारी माणसं, भाजीच्या पिशव्या, तोंडावर खारा वारा. पंचवीस वर्षांच्या लग्नाला कॅन्डललाइट डिनरपेक्षा ती बोट जास्त शोभते असं मला वाटतं.

आणि एक माझी सवय आहे, पटली तर घ्या. तीन दिवसांत एकदा तरी दोन तास वेगळे व्हा. मंगळवारी पॅलेस आणि सिनेगॉग झालं की मिस्टरांना इंडो-पोर्तुगीज म्युझियमला रिक्षात बसवून द्या आणि तुम्ही बाजार रोडला फिरा, कसावूची, म्हणजे जरीकाठाची, साडी बघा, चेंदमंगलमची हातमागाची मिळाली तर तीच घ्या, मग गुजराती रोडवर जेवायला भेटा. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत 'झालं का तुझं' म्हणत फिरण्यापेक्षा, भेटल्यावर सांगायला काहीतरी असतं.

पाऊस जानेवारीत नसतो म्हणून छत्री नको, पण टोपी हवी. एकतीस डिसेंबरच्या आसपास कार्निव्हलची तुडुंब गर्दी असते, तुम्ही त्यानंतर जाताय ते उत्तम. ज्या वर्षी बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, असेल त्या वर्षी मार्चपर्यंत जुन्या गोदामांत चित्रं-शिल्पं मांडलेली असतात, तुमच्या तारखांना चालू असेल तर सोमवारची एक संध्याकाळ चारला तिकडे काढा आणि कथकली रविवारवर घ्या.

बुधवारची फ्लाइट दुपारी तीननंतरची बघा, म्हणजे सकाळी परत एकदा जाळ्यांपाशी चहा होतो, आणि हॉटेलवरून अकराला निघा, पुलावर ट्रॅफिक लागतोच. तिकिटं काढायच्या आधी नव्या तारखा मला कळवा, त्या आठवड्यात ज्यूंचा काही सण किंवा केरळातली हरताळ वगैरे आहे का ते मी बघून सांगते.